रंगफरक दिसला की 'उपजाती', 'रूप' की 'वाण'?

प्रश्न असा आहे: एकाच जातीच्या दोन पक्ष्यांच्या रंगात फरक दिसला की कोणी 'उपजाती' लिहितो, कोणी 'प्रकार', कोणी 'रूप'. प्रदेशानुसार पडणाऱ्या फरकाला यांतला कोणता शब्द नेमका? आणि 'वाण' हा छोटा, अस्सल शब्द का चालू नये?

प्रदेशानुसार फरक असेल तर 'उपजाती'च म्हणावे. 'प्रकार' टाळलेला बरा, कारण त्यात काहीही मावते. 'वाण' शब्द मला मनापासून आवडतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीत वाण म्हणजे रंगच. पण आज वाण म्हटले की बियाणे आठवते, माणसाने निवडून वाढवलेले. रानपाखराला हा शब्द लावला तर ती निवडीची छटाही त्याला उगाच चिकटते.

'उपजाती' की 'रूप' हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: हे दोन रंगांचे पक्षी एकाच ठिकाणी वीण करतात का? समुद्र बगळा पाहा. एक गडद राखाडी, एक पांढराशुभ्र. दोघे एकाच किनाऱ्यावर राहतात, आपसांत जोडीही जमवतात. ही झाली दोन रूपे. चिरक या छोट्या पक्ष्याचे तसे नाही. नर शेपटी उभारून दगडावर बसला की बुडाचा विटकरी रंग लगेच दिसतो, पंख हलले की पांढरा पट्टा चमकतो. पण उपजात ओळखायची तर पाठ पाहावी लागते. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी, दक्षिणेकडच्याची काळी. मधल्या पट्ट्यात पाठीचा रंगही मधलाच. म्हणजे उपजातींमध्ये कुंपण नसते, रंग हळूहळू बदलत जातो, आणि मधल्या पक्ष्याला ठाम नाव देण्याचा हट्ट धरू नये. मादी तर सगळीकडेच तपकिरी, तिच्यावरून हा निवाडा करायला जाऊ नये.

गावकावळ्याच्या मानेचेही असेच. वायव्येकडच्या कोरड्या मुलखात ती फिकट राखी, म्यानमारच्या दमट हवेत बरीच गडद. दमट प्रदेशात रंग गडद होत जातात हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्लोगरने १८३३ मध्येच मांडले होते.

ऋतूनुसार किंवा वयानुसार रंग बदलत असेल तर मात्र उपजातही नव्हे, रूपही नव्हे, तो 'पिसारा'. हा शब्द मोराचाच, असा आक्षेप येतो. (मोराचा पिसारा ही त्याची शेपटी नव्हेच, शेपटीच्या वरची लांबलेली पिसे ती.) पण 'विणीचा पिसारा' हा प्रयोग पक्षी पाहणाऱ्यांच्या बोलण्यात आता रुळला आहे आणि तो चांगलाच आहे. एरवी मातकट, रेघारेघांचा दिसणारा वंचक बगळा विणीच्या दिवसांत पाठीवर गडद तपकिरी-लाल होतो. पक्षी तोच, पिसारा निराळा. स्वर्गीय नर्तकाला 'रूप' आणि 'उपजात' हे दोन्ही शब्द लागतात. लांब शेपटीचे नर तांबूसही दिसतात, पांढरेही; पण श्रीलंकेत वीण करणाऱ्या उपजातीचा नर पांढरा होतच नाही.

आता 'प्रादेशिक' या शब्दाविषयी, कारण खरी गफलत तिथे होते. उपजातीचा प्रदेश म्हणजे तिच्या विणीचा प्रदेश, तुम्हाला ती दिसली ती जागा नव्हे. हिवाळ्यात पिवळा धोबी या पक्ष्याच्या एकाच थव्यात राखी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे नर शेजारी शेजारी किडे टिपतात. हे पाहून 'एकाच ठिकाणी आहेत, म्हणजे रूपे' असे म्हणाल तर चुकाल; त्यांच्या घरट्यांचे मुलूख वेगळे आहेत. पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीला तर ब्रिटिश निसर्ग अभ्यासक साइक्सने १८३२ मध्ये दख्खनवरून 'दुखुनेन्सिस' हे नाव दिले, पण ती वीण करते पश्चिम सायबेरियाच्या बाजूला. दख्खनमध्ये ती फक्त हिवाळी पाहुणी. (काही अभ्यासक तिला आता वेगळी उपजात मानतही नाहीत.)

म्हणून नोंद करताना आधी दिसले ते लिहावे: 'पाठ तपकिरी', 'डोके राखी, भुवई नाही'. तारीख आणि जागा लिहावी. उपजातीचे नाव शेवटी, तेही नर पूर्ण रंगात असेल तरच. 'राखी डोक्याचा पिवळा धोबी, नर' एवढी नोंदही पुढे कामाला येते. चुकीची उपजात लिहिलेली नोंद मात्र निस्तरावी लागते.

एक जोड: मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत 'प्रजाती' म्हणजे अनेक जातींचा गट, आणि आजच्या वर्तमानपत्रांत 'प्रजाती' म्हणजे एकच जात. त्यामुळे 'उपप्रजाती' असे लिहिलेले दिसले तर लेखकाला कोणती पायरी अभिप्रेत आहे ते आधी पाहून घ्या. मी स्वतः 'जात' आणि 'उपजात' हीच जोडी वापरतो.