पापड मऊ पडतो म्हणून झाडाची तहान भागत नाही

*वाडीतली पत्रं : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं*

प्रश्न : काकू, आम्ही ठाण्याला राहतो. अलिबागजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर १० गुंठे जागा घेतली आहे. पुढच्या पावसाळ्यात ४० हापूस, दोन-चार ॲव्होकाडो आणि थोडी सफरचंदं लावायचा विचार आहे (उष्ण हवेत येणारी जात निघाली आहे म्हणे). कोकणात हवा दमट, पाऊस भरपूर, म्हणून पाण्याची वेगळी सोय केलेली नाही. शनिवार-रविवार येऊन बघू. यादी बरोबर आहे ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी हिशेब करू. हापूसच्या दोन कलमांत १० मीटर अंतर सोडायचं असतं. म्हणजे एका झाडाला साधारण एक गुंठा. ४० झाडांना एक एकर लागेल आणि तुमच्याकडे आहेत दहा गुंठे, त्यात घरही बांधाल. यादी तिथेच दहाच्या आत आली.

आता पाणी. शहरातली निम्मी पत्रं 'हवा दमट, म्हणून पाण्याची सोय नको' या एकाच वाक्यावर अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या श्रीवर्धनकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण तो सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जमीन एक तर पुळणीची (समुद्रकाठच्या वाळूची), नाही तर जांभ्याची. दोन्हींतून पाणी निथळून जातं. त्यानंतर मे संपेपर्यंत आठ महिने आकाशातून थेंब नाही, आणि पडलाच तर नेमका मोहोर खराब करायला. मार्चमध्ये हवा इतकी ओली असते की मिठाला पाणी सुटतं, तळलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. त्याच दिवशी रोपाच्या आळ्यात बोट घाला, माती पिठासारखी कोरडी लागेल. ती दमट हवा झाडाच्या मुळाला प्यायला मिळत नाही. तिच्यावर वाढतात भुरी, करपा हे रोग आणि तुडतुड्यांची कीड.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. १९८४ साली, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात, वरच्या उतारावर हौसेने २२ हापूस लावले होते. पावसाळ्यात सगळी कलमं पालवीने लाल झाली. एप्रिलमध्ये माहेरी लग्न निघालं, तीन आठवडे गेले. पाण्याचं एकाला सांगून ठेवलं होतं. परत आले तर नऊ जिवंत. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त उतारावर उभ्या राहून मोठ्याने मोजल्या, एक, दोन, तीन... नवावर थांबल्या आणि घरात गेल्या. तेव्हापासून कोणीही "काय लावू?" विचारलं की मी विचारते, एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार?

तेव्हा रोपांआधी विहीर बघा. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी दिवाळीत गोड लागतं आणि मेमध्ये मचूळ होतं. मेमध्ये त्या पाण्याचा चहा करून बघा, डाळ शिजते का बघा. मग बाटलीभर पाणी तपासायला द्या. थोडा खारटपणा माड सोसतो, चिकूही बऱ्यापैकी सोसतो. आंब्याची पानं कडेने जळू लागतात. पोफळ (सुपारी) आणि केळ तर रुसतातच. ॲव्होकाडोला खारं पाणीही चालत नाही आणि पावसाळ्यात मुळाशी साचलेलं गोडं पाणीही चालत नाही, मुळं कुजतात. तो कुर्गच्या डोंगरात सुखी आहे, तिथेच राहू दे. सफरचंदाला थंडी लागते. अलिबागला आपल्याला लागते तेवढीसुद्धा नाही.

जुन्या लोकांनी किनारपट्टीची वाटणी फार समजून केली होती. खाली पुळणीत माड-पोफळीचं आगर, वर जांभ्याच्या उतारावर आंबा-काजू, ओहोळाच्या कडेला कोकम. देवगडचा हापूसही समुद्राजवळच होतो की, असं तुम्ही म्हणाल. होतो, पण तो कातळावर. मुळाशी पाणी ठरत नाही, पावसाळ्यानंतर जमीन लवकर कोरडी होते, तो ताण बसला की झाड मोहोरतं. तुमची जागा पुळणीची असेल आणि चार फुटांवर पाणी लागत असेल, तर हापूस नुसता पालवत राहील. शिवाय रायगडात हापूस दक्षिणेपेक्षा उशिरा तयार होतो. मेअखेरीचा वळीव आला की अर्धं फळ झाडावर नासतं.

तरी आंबा हवाच असेल (हवाच असतो, मला माहीत आहे), तर जागेच्या उंच कोपऱ्यात दोन-तीन झाडं लावा. एक केसर, एक रत्ना, एक पायरी. रत्ना ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची १९८१ ची जात, नीलम आणि हापूसचा संकर. हापूससारखी एक वर्ष फळ, एक वर्ष सुट्टी असा खेळ करत नाही आणि फळात साका (आतला गर पांढरट, आंबट राहणं) होत नाही. हापूसच्या वासाची सर तिला नाही, हेही सांगते. पायरी रसासाठी. बाजारचा हापूस विकत आणा, त्यात कमीपणा नाही.

बाकी जागा माडांना द्या, साडेसात मीटरवर एक. पण घराच्या छपरावर, गाडीच्या जागेवर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात नारळ पडेल असा एकही नको. निम्मे बाणवली उंच, निम्मे शहाळ्यासाठी बुटके. कारण माडावर चढणारा गडी आता सोन्याच्या भावात मिळतो, आणि शनिवार-रविवारी तर तोही सुट्टीवर असतो. खड्ड्याच्या तळाला नारळाची सोडणं उलटी-सुलटी रचा, ती ओल धरून ठेवतात. माडांच्या सावलीत पुढेमागे एखादं जायफळ, एक-दोन कोकमाची कलमं. सांडपाण्यावर केळी. एक पपनस जरूर लावा. लोक त्याला विसरले आहेत, पण दमट हवेत मोसंबी-संत्र्यापेक्षा तो कितीतरी खंबीर आहे.

आणि वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या दोनशे पोफळींतल्या एकवीस उभ्या राहिल्या. बाकीच्या कमरेतून मोडल्या, सगळ्यांचे शेंडे एकाच दिशेला. माड काही मुळासकट गेले, काहींची झाप पिळवटून निघाली आणि वर्षभराने पुन्हा फुटली. घराच्या आडोशाची कोकमं आणि गडग्याजवळचा (दगडी कुंपणाजवळचा) म्हातारा चिकू फांद्या गमावून का होईना, उरले. म्हणून समुद्राच्या बाजूला पहिल्याच वर्षी सुरू किंवा उंडीची दाट ओळ धरा, फळझाडं तिच्या मागे. बाकीच्या कुंपणाला करवंद लावा. गुरं आत शिरत नाहीत आणि मेमध्ये नातवंडांची तोंडं काळी होतात.

आठवड्यातून एकदाच येणार असाल तर एक टाकी, ठिबक आणि गावातला एक भरवशाचा माणूस, एवढा खर्च रोपांच्या आधी धरा. पहिले दोन उन्हाळे आंब्याच्या कलमाला आठवड्याला १५-२० लिटर पाणी, आळ्यात पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) जाड थर, आणि दक्षिण-पश्चिमेला झावळ्या खोचून सावली. यातलं काही जमणार नसेल तर यंदा नुसती सुरूची ओळ लावा.

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी बियांपासून कोकमाची पाच रोपं केली. तीन झाडांना रातांबे लागतात. दोन उंच, देखणी आहेत, दरवर्षी फुलतात, पण एकही फळ नाही. खत घातलं, मीठ घातलं, एकाने खिळा मारायला सांगितला. मारू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खिळा मारू नका हो, झाडाची चूक नाही. ते नर आहेत. कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. पाचांत तुम्हाला दोनच निघाले, नशीब बरं आहे. ओळखायचं असेल तर थंडीत फुलं बघा. नराला गुच्छात पुष्कळ फुलं येतात आणि झाडाखाली सडा पडतो. मादीच्या फुलात मधोमध हिरवी गाठ दिसते, तोच पुढचा रातांबा.

एक नर ठेवा. दहा मादी झाडांना एक नर पुरतो, तेव्हा तुमच्या तिघींना एक म्हणजे चैनच आहे. दुसरा उन्हाळ्याअखेर कमरेएवढा छाटा, नवे धुमारे फुटले की त्यांवर मादी झाडाच्या काड्या बांधून घ्या. आमच्या एका नरावर असं केलं, चौथ्या वर्षी आमसुलं घातली. काडी मात्र सरळ वर वाढणाऱ्या फांदीची घ्यायची. आडव्या फांदीची घेतलीत तर कलम जन्मभर आडवंच पसरतं, वेलासारखं. जायफळाचंही तसंच आहे.

नवीन लावणार असाल तर बी नको, कलमच आणा. 'कोकण अमृता' बघा. तिचं फळ पावसाच्या आधी तयार होतं, आणि कोकमात सगळा खेळ तोच आहे. रातांबे फोडायचे, सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. हे चाललेलं असताना पहिला पाऊस आला की अंगणातली सालं बुरसतात आणि घरातल्या बायका आणि पाऊस यांचं जे काही बोलणं होतं ते इथे छापता येणार नाही. उशिराच्या झाडाचे रातांबे आगळ करून मिठात घाला, सोलकढीची सोय होते.

प्रश्न : आजोळच्या काप्या (करकरीत गऱ्यांच्या) फणसाची आठळी लावली होती. यंदा पहिला फणस धरला, तो बरका निघाला. असं कसं?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : असंच होतं. फणसाची आठळी आईच्या वळणावर जाईलच असं नाही, पराग कुठल्या फणसाचा आला ते कोण बघतं. कापाच हवा असेल तर खात्रीच्या झाडाचं कलम लावायचं. पण झाड तोडू नका. तोंडात सुर्रकन उतरणाऱ्या बरक्या गऱ्यांशिवाय फणसपोळी होत नाही, आणि कोवळ्या कुयरीच्या भाजीत कापा-बरका कोणाला कळत नाही.

प्रश्न : सावंतवाडीला भगवा डाळिंब आणि द्राक्षं लावली तर?
— एक वाचक

उत्तर : डाळिंब सोलापूर-सांगोल्याच्या कोरड्या हवेचं लेकरू आहे, द्राक्ष नाशिक-तासगावचं. सावंतवाडीच्या पावसात दोन्हींच्या पानावर बुरशी बसेल आणि तुम्ही फवारणीचा पंप पाठीवरून उतरवणार नाही. जांभूळ लावा, कोकण बहाडोली, फळ टपोरं आहे. काजू लावा.

प्रश्न : रोपवाटिकेत चांगलं कलम कसं ओळखायचं? मागच्या वेळी फसलो.
— एक वाचक, मुरूड

उत्तर : सगळ्यात उंच कलम उचलू नका, तिथेच माणूस फसतो. वर्ष-दीड वर्षाचं, पेन्सिलीहून थोडं जाड, सांधा एकजीव झालेलं आणि सांध्याच्या वर निदान दोन पालव्या येऊन गेलेलं बघा. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर येऊन जमिनीत गेली असतील तर ते उपटताना तुटणार. सरकारी किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून पावती घेऊन आणलंत तर जातीची खात्री असते. नारळासाठी भाट्ये, काजूसाठी वेंगुर्ले, तिथे आधी नोंदणी करा.

खड्डा मेमध्ये खणून तापू द्या. एक-दोन पाऊस होऊन जमीन भिजली की लावा, जुलैच्या झडीत नको. सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडायला विसरू नका, नाही तर ती खोडात रुतून बसते. आणि सांध्याच्या खाली जी फूट येईल ती दर पंधरा दिवसांनी खुडून टाका.

हे शेवटचं न केल्याने काय होतं ते सांगते. आमच्या गावातल्या एकाने पाच वर्षं हापूस म्हणून एका झाडाला पाणी घातलं. पहिल्या कैऱ्या धरल्या तेव्हा चार घेऊन माझ्याकडे आला, "काकू, हापूसच्या कैरीला एवढा चीक?" जाऊन बघितलं तर कलम केव्हाच मेलं होतं, त्याचं वाळकं टोक बाजूला होतं आणि वाढला होता तो खालचा रायवळ (बियांपासून आलेला गावठी) खुंट. चेहरा इतका पडला होता त्याचा की मी काहीच बोलले नाही. कैऱ्या ठेवून घेतल्या आणि लोणचं घातलं. आंबट इतकी होती कैरी, वर्षभर टिकलं. अर्धी बरणी त्यालाच दिली.