मास्तर तुझ्या फौंड्रीतच आहे

तुला अनेक आशीर्वाद.

तुझ्या फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, कामगारांसाठी तू पाठवलेलं वर्षभराचं ट्रेनिंग कॅलेंडर पाहिलं. बारा महिने, बारा विषय, रंगीत चौकोन, शेवटी खर्चाचा रकाना. मॅनेजरसाहेब खूश होतील. पण 'पोरं टिकत नाहीत, काहीतरी करा' म्हणून त्यांनी हे तुझ्या गळ्यात घातलंय, आणि ते काम 'टाइम मॅनेजमेंट' नि 'लीडरशिप'च्या चौकोनांनी होईल असं मला वाटत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

आधी पैशाचं. खानापूर भागातला आयटीआय झालेला पोरगा चार पैसे जास्त मिळतात म्हणून सीमेपलीकडे शिनोळीच्या किंवा कागलच्या कारखान्यात गेला, तर त्याला नावं ठेवू नकोस. पगार बाजारापेक्षा कमी असेल, ओव्हरटाइम अडकत असेल, कँटीनच्या आमटीत डाळ शोधावी लागत असेल, तर कुठलंही ट्रेनिंग लावून घ्यायच्या भानगडीत पडू नये. लोक उलट चिडतात. हे साहेबांना तोंडावर सांगायची तयारी ठेव. पण पैसे बरे असूनही सोडून गेलेली पोरं मी पुष्कळ पाहिली. पहिल्या दिवशी हातात फावडं, 'त्या अण्णांबरोबर राहा' एवढीच ओळख, आणि सहा महिन्यांनीही आपण हे कशासाठी करतोय ते कुणी सांगितलेलं नाही. तिथं जीव कसा गुंतणार?

गॅलप ही संस्था माणसाचा कामात किती जीव आहे हे मोजायला १२ प्रश्न विचारते. अकरावा असा, की गेल्या सहा महिन्यांत तुझ्या प्रगतीबद्दल कुणी तुझ्याशी बोललं का? आणि बारावा, गेल्या वर्षभरात कामावर शिकायची, पुढे जायची संधी मिळाली का? हे दोन्ही एकत्र वाच. तुझं कॅलेंडर फार तर बाराव्याला उत्तर देईल. अकराव्याला हॉटेलचा हॉल आणि प्रोजेक्टर काय करणार?

आता मी काय केलं असतं ते सांगतो.

तुमच्या मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवतात तिथं, वीस-पंचवीस वर्षं काढलेला एखादा मामा असणारच. मिक्सरमधून वाळू आली की तो मूठभर उचलतो, दाबतो, मूठ उघडतो. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, तळहाताला वाळू चिकटली नाही आणि गोळा मधोमध मोडल्यावर कडा ढासळली नाही, तर मान हलवतो. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या या ओलसर वाळूला, ओल साधारण ३ ते ४ टक्के लागते. ती वाढली की वितळलेलं लोखंड आत शिरताच तिची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की ब्लो होल, म्हणजे मालात पोकळी, आणि तो ब्लो होल दिसतो कधी, तर माल मशीनिंगला गेल्यावर. लॅबमध्ये मॉइश्चर टेस्टर आहेच, पण लॅबचा आकडा हातात येईपर्यंत मामाची मूठ कितीतरी साचे वाचवते.

त्याला विचार, 'मामा, हे कसं कळतंय तुम्हाला?' तो म्हणेल, 'हाताला कळतंय की.' तिथं सोडू नकोस. त्याच्या शेजारी उभी राहा, स्वतः वाळू दाबून बघ, चुकीची मूठ त्याला दाखव. मग तो बोलायला लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची पद्धत निघाली. कारखान्यांत नवखी माणसं झटपट तयार करायची होती. युद्धानंतर ती जपानात गेली आणि टोयोटानं उचलली. टोयोटाच्या वळणाचा तिचा कागद अगदी साधा, तीन रकान्यांचा: कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातली मेख, आणि त्या मेखेचं कारण. मामाच्या तोंडून हे तीन रकाने भरून घे, त्याच्याच शब्दांत. मग त्यानं एका पोराला करून दाखवायचं, पोरानं करून दाखवायचं, आणि करताना कारण बोलायचं. 'पोरगा शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही' हे त्या पद्धतीचं ब्रीद आहे. मला ते फार पटतं, कारण आपल्याकडे दोष कायम पोराच्या माथी मारतात.

एक अडचण येईल. मामा आतून घाबरलेला असतो. सगळं शिकवून टाकलं तर आपली किंमत काय राहिली? ही भीती खोटी नाही. हिशोबी मालक असं वागतात. म्हणून शिकवणाऱ्याला भत्ता लावून घे, थोडा का असेना, पण पगाराच्या स्लिपवर दिसणारा. कागदावर त्याचं नाव घाल आणि तो मोल्डिंगच्या बोर्डवर लाव. शिकवायला लागल्यावर पोरांपेक्षा मामा लोकच जास्त बदलतात, असं मी पाहिलंय. घंटा झाली की गाडीला किक मारणारा माणूस थांबून पोराचा साचा बघतो.

भाषेचं तुला वेगळं सांगायला नको. एका लाईनवर मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही चालतात, आणि बाहेरच्या सीमावादाची झळ आपल्या भट्टीपाशी सहसा येत नाही. इंग्रजी स्लाइड ऑडिटरसाठी ठेव. सुरक्षिततेचं मात्र ज्याला जी येते त्या भाषेत सांग आणि त्याच भाषेत परत वदवून घे. लेडल, म्हणजे वितळलेला धातू न्यायचं भांडं, ओली असली तर काय होतं? पाण्याची वाफ होताना ती दीड हजार पटींहून जास्त फुगते, आणि वर धातू १४०० अंशांच्या आसपासचा. 'समजलं का?' असं विचारलं की सगळे मान डोलावतात. त्या मानेवर विसंबू नकोस.

अप्रेंटिसचं, म्हणजे शिकाऊ पोरांचं, थोडक्यात. ३० किंवा जास्त माणसं असली की एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला १५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलतं. पुष्कळ ठिकाणी या पोरांना स्वस्तातले हात म्हणून राबवतात. तू त्यांना मामांच्या हाताखाली दे.

वेळ बघून लाव, हेही सांगून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी बोलावलंस तर चहा-सामोसा खाऊन जातील, बाकी काही नाही. जुलैमध्ये खानापूरकडची माणसं भाताच्या लावणीला जाणार, गणपतीला तर विषयच नको. शिफ्ट बदलायच्या आधीची वीस मिनिटं, पगारी, मशीनपाशी. तेवढं पुरतं.

आणि सगळ्यात अवघड जागा सुपरवायझरची. पोरगा वाळू ओळखायला शिकला, चार दिवसांनी त्याला ती ओली लागली, त्यानं सांगितलं, आणि सुपरवायझर म्हणाला, 'चालू दे रे, संध्याकाळी डिस्पॅच आहे.' त्या क्षणी तुझं सगळं ट्रेनिंग पाण्यात. पुढच्या वेळी पोरगा बोलणार नाही, आणि महिन्याभरात शिनोळीच्या बसमध्ये दिसेल. म्हणून पहिले दोन महिने फक्त सुपरवायझरांसाठी ठेव, आणि विषय एकच: खालचा माणूस काही सांगत आला तर काय करायचं. ट्रेनिंगनंतर फीडबॅक फॉर्मवर हसरे चेहरे रंगवून घेण्यापेक्षा महिन्यानं लाईनवर जाऊन बघ, कुणी काय वापरतंय.

साहेबांकडे जाशील तेव्हा हॉलचं बजेट मागू नकोस. वाळू बिघडली म्हणून पोरानं लाईन थांबवली तर त्याला कुणी बोलणार नाही, एवढं त्यांच्या सहीनं लेखी माग. ते देत नसतील तर मला फोन कर, कॅलेंडरचे चौकोन त्यानंतर भरू. आणि मामाचा पहिला कागद झाला की फोटो पाठव.

कळावे.