जुन्या गाडीच्या इंजिनावर नवा हार्मोनिक बॅलन्सर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरचं, कंपनं शोषणारं चाक) हातोड्याने ठोकून बसवला तर चालेल का?

नाही, कृपया ठोकू नका. त्या धक्क्याने बॅलन्सरमधला रबर सैल होतो आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगलाही (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग) मार बसतो. क्रँकच्या मूळ बोल्टनेही ओढू नका; सुरुवातीला त्याचे दोन-चारच आटे पकडलेले असतात आणि तेच उडतात. क्रँकमध्ये पूर्ण खोल जाणारा स्टड (आट्यांचा दांडा) आणि बेअरिंगवर फिरणारा नट असलेलं इन्स्टॉलर टूल वापरा.

त्याआधी बॅलन्सर योग्य आहे ना ते बघा, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. शेवरलेच्या 350 स्मॉल ब्लॉक (350 घनइंची व्ही-8) इंजिनाला बिनवजनाचा बॅलन्सर लागतो, 400 ला एका बाजूला वजन असलेला. दोन्ही क्रँकवर बसतात, पण अदलाबदल झाली तर इंजिन थरथरतं.

क्रँकचं टोक बारीक पॉलिश पेपरने साफ करून तेल लावा, चावी (बॅलन्सरला क्रँकवर घसरू न देणारा धातूचा तुकडा) नीट बसवा, ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावा. बॅलन्सरच्या हबवर (मधल्या नळीवर) सीलने खाच पाडली असेल तर आधी रिपेअर स्लीव्ह चढवा. शेवटी बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

आणि बॅलन्सरवरच्या टायमिंगच्या खुणेवर डोळे झाकून विसंबू नका. पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारं टूल) लावून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) एकदा तपासाच.