इंग्लंडमधल्या शाळेत मूल घालताय? आधी जन्मतारीख बघा

आपल्याकडची इयत्ता विसरा. इंग्लंडमध्ये वर्ग ठरतो वयावर, आणि सीमारेषा आहे ३१ ऑगस्टची. ३१ ऑगस्ट २०१९ ला जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२३ मध्ये, जेमतेम चौथं वर्ष पूर्ण करून, रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गाला जातं. एक दिवस उशिरा जन्मलेलं थेट पुढच्या सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्यात जन्मलेलं मूल वर्गात लहानखुरं दिसलं तर लगेच धास्तावू नका. शेजारी बसणारं जवळपास वर्षाने मोठं असू शकतं.

राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू होतो इयर वनपासून, म्हणजे रिसेप्शनच्या पुढच्या वर्गापासून. त्याचे टप्पे म्हणजे की स्टेज. की स्टेज १ म्हणजे वय ५ ते ७, २ म्हणजे ७ ते ११, ३ म्हणजे ११ ते १४, आणि ४ म्हणजे १४ ते १६, शेवटी जीसीएसई ही आपल्या दहावीसारखी परीक्षा. रिसेप्शन यात धरत नाहीत, त्याची चौकट वेगळी.

आपल्याकडे तिसरीत असलेलं मूल तिथे बहुधा इयर फोरमध्ये बसतं. आकडा वाढला म्हणून बढती मिळाली असं समजू नका! आणि 'एक वर्ष मागे बसवा' असा हट्ट सहसा चालत नाही. त्यापेक्षा इयर सिक्सच्या शेवटी सॅट्स या राष्ट्रीय चाचण्या आहेत, त्याआधी इंग्रजी वाचन पक्कं करून घ्या.