आधी खरवड

अगं, तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी वाचला. थिसिसला तीस कुत्री घेतलीस, सगळ्यांच्या केसपेपरवर 'डर्मटायटिस', अर्ध्यांना मलमाने फरक पडला अर्ध्यांना नाही, आणि आता विचारतेस स्टॅटिस्टिक्स कुठलं लावू. मला एवढंच सांग, त्यातल्या किती कुत्र्यांचं स्किन स्क्रेपिंग केलंस, म्हणजे कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलीस?

डर्मटायटिस म्हणजे कातडी सुजली, बस. कशाने सुजली ते त्यात कुठंय? खरूज, डेमोडेक्स हा केसाच्या मुळातला सूक्ष्म किडा, गजकर्ण, पिसवांची ॲलर्जी, सगळं एकाच पोत्यात भरल्यावर कुठलं स्टॅटिस्टिक्स काय करणार गं.

आधी खरवड. दहा नंबरचं ब्लेड, लिक्विड पॅराफिनचा थेंब, कातडी चिमटीत दाबायची आणि केसांच्या दिशेने बारीक रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं, कारण डेमोडेक्स केसाच्या मुळाशी बसलेला असतो. खरजेचा किडा वर असतो, त्याला कानाची कड, कोपर, जागा मोठी घे पण खोल जाऊ नकोस. आणि तो पुष्कळदा सापडतच नाही, म्हणून निगेटिव्ह आलं तरी कानाची कड चोळून बघ, मागचा पाय खाजवल्यासारखा हलायला लागला तर संशय सोडू नकोस. वुड्स लॅम्पच्या अतिनील उजेडात हिरवं चमकलं नाही म्हणून गजकर्ण नाही असंही लिहू नकोस, कल्चर लाव, बुरशी वाढते का बघ.

गाइडना घाई आहे म्हणतेस. मलाही होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक काळी लॅब्राडोर आली, डोळ्याभोवतीचे केस गेलेले, बाहेर ही रांग, मी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. खाज थांबली, मालक पेढे घेऊन आले. दीड महिन्याने तीच कुत्री आली ती अंगभर पू, पाय सुजून टेकवता येत नव्हते. पहिल्याच खरवडीत स्लाइडभर डेमोडेक्स, चिरुटासारखे लांबट, पुढे आठ आखूड पाय, वळवळत होते. आजच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या, अमित्राझ या किडे मारणाऱ्या औषधाच्या आंघोळी घातल्या. वाचली नाही. माझ्या इंजेक्शनने प्रतिकारशक्ती दबली आणि आजार पसरला हे त्या मालकांना मी कधीच सांगू शकलो नाही.

तेव्हापासून स्लाइड बघितल्याशिवाय मी केसपेपरवर सही करत नाही. पोरं चिडली, एका रिसर्च पेपरवर नाव घालायला नकार दिला म्हणून प्रमोशन लांबलं, हट्टी म्हणाले, म्हणू देत. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. 2022 ला गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी आला तेव्हा गावात दिसेल ती गाठ लम्पीच, आणि एका गोठ्यात लम्पी म्हणून बाजूला बांधलेल्या गाईला नुसतं पित्त उठलं होतं, संध्याकाळपर्यंत गाठी विरल्या. तिथेही कुणी हात लावून बघितलं नव्हतं.

तुझ्यात चिकाटी आहे, नाहीतर एवढं लिहिलंच नसतं. तीसपैकी जेवढी कुत्री परत बोलावता येतील तेवढी बोलाव, मलम लावून झालंय तेही प्रत्येकाच्या पेपरवर स्पष्ट लिही, मालक कुरकुरतील, ऐकून घे. गुरुवारी दुपारी मायक्रोस्कोप रिकामा असतो. ब्लेडचा डबा आण, पॅराफिन माझ्याकडे आहे.