रस्ता पाठ आहे, पण पाठीमागचं काय?

दिवाळी झाली, हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की दरवर्षी अंधारातल्या बिनदिव्याच्या सायकलींवर पत्रं येतातच. यावेळी चार निवडली. पहिलं जरा लांबलं, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

प्रश्न : मागच्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊला हिंगणघाटहून गावाकडे फटफटीनं येऊन राहिलो होतो. समोरून ट्रक आला अप्पर मारून, तो गेला अन् माझ्या चाकापुढं एकदम सायकल! कशीबशी गाडी काढली. पाहतो तर आमचेच मोठेबाबा, वावरातून ओलीत करून परत चाललेले, ना दिवा ना काही. म्हटलं मोठेबाबा दिवा तरी लावा, तर मलाच म्हणाले, "चाळीस वर्षं झाले याच रस्त्यानं जातो, मले रस्ता पाठ हाये, तू आपली गाडी हळू चालव." चूक कोणाची?
— एक वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, चूक दोघांची, अन् रागावू नका पण तुमची थोडी जास्तच. हिशोब करून पाहा ना. साठच्या स्पीडनं गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते. काहीतरी दिसलं, ते डोक्यात शिरलं, मग पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरा, म्हणजे 25 मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच संपले. पुढं कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी 20-25. अन् डिपरवर मळकट कपड्यातला माणूस दिसतो तीसेक मीटरवर, म्हणजे दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. चाळीसच्या स्पीडनं हाच हिशोब 27-28 मीटरवर येतो, तिथं निदान काही चान्स आहे. वरून ट्रकच्या अप्परनं डोळे दिपले की पुढचे काही सेकंद तुम्ही जवळपास आंधळेच, तेव्हा गाडी हळू करायची असते, अन् आपण काय करतो, ट्रक गेला बाप्पा म्हणून उलट पिळतो.

आता मोठेबाबांचं. ते खोटं नाही बोलून राहिले. अर्धा-एक तास अंधारात राहिलं की डोळे सरावतात, चांदणं असलं तर डांबर, धुरा, बाभळी सगळं दिसते. गोची अशी आहे की आपल्याला दिसते म्हणजे आपणही दिसतो असं माणूस धरून चालतो. माझे बाबा सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत, तिथं रोज संध्याकाळी हाच डायलॉग ऐकायला मिळे, "मले दिसते ना, मंग दिवा काहाले?" अरे पण दिवा तुझ्यासाठी नाहीच! 1 एप्रिल 2017पासून नव्या फटफट्यांचा हेडलाइट भर दुपारीही चालू राहते, बंद करायचं बटनच नाही, तो काय दुपारी रस्ता पाहायला दिलाय का? दुसऱ्याला दिसावं म्हणून दिलाय.

म्हणून मोठेबाबांशी वाद घालू नका, ते ऐकणार नाहीत. सायकल भिंतीला टेकली असेल तेव्हा गुपचूप मागच्या मडगार्डला लाल रेडियम पट्टी चिकटवा, हँडलपुढं पांढरी, अन् दोन्ही पायडलांच्या कडांना पिवळी. पायडलची विसरू नका, ती सगळ्यात कामाची, खालीवर होत राहते म्हणून मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळते की हा मैलाचा दगड नाही, सायकलवर माणूस आहे.

रेडियम म्हणतात खरं पण त्यात रेडियम नसते न् ते स्वतः उजळतही नाही, ज्या दिशेनं उजेड पडला त्याच दिशेनं तो परत फेकते, म्हणून गाडीवाल्याला झगझगीत दिसते अन् बाजूला उभ्या माणसाला काहीच नाही. नंबरप्लेटवाल्याकडं रंगीत साधी पट्टीही रेडियम म्हणूनच खपते, तेव्हा घेताना पारख करा. अंधारात वीस पावलं मागं जा, मोबाईलची टॉर्च कानाजवळ, डोळ्याच्या रेषेत धरा अन् पट्टीवर मारा. रात्री जनावराचे डोळे चमकतात तशी चमकली तर खरी, नुसती लाल दिसली तर परत द्या.

दोन गोष्टी अजून. पांदणीचा चिखल बसला की पट्टी मेली, फडक्यानं पुसायची. अन् कॅरियरवर गवताचा भारा नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्या बांधल्या की मडगार्डवरचं सगळं झाकून जाते, मोठेबाबा रिकाम्या कॅरियरनं कधी फिरतात का? म्हणून एक पट्टी बांधायच्या दोरीलाच गुंडाळून ठेवा, जिथं भारा तिथं ती. पण पट्टीवर सगळा भरोसा ठेवू नका, समोरच्या गाडीचा दिवा पडला तरच ती चमकते. बाजूच्या पांदणीतून ट्रॅक्टर वळून आला, किंवा दुसरी बिनदिव्याचीच सायकल समोर आली, तर पट्टी शून्य. आमच्या गावात अशा दोन सायकली एकमेकीवर आदळल्या होत्या, दोघांचाही रस्ता पाठ होता.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, शाळेतून योजनेची सायकल मिळाली. ट्यूशन सुटून घरी यायला साडेसहा होतात, आता तर पार अंधार असते. चार किलोमीटरचा रस्ता, मधात एकही खांब नाही. चमकणारं जॅकेट आणलं तर घालत नाही, मैत्रिणी हसतात म्हणे. कोणता दिवा घेऊ?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी ट्यूशनवाल्या सरांना सांगा की टाइम अर्धा तास अलीकडं घ्या. आपल्याकडं नोव्हेंबर-डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडते, मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच. टाइमटेबल तिकडचं पाहून लावलं की काय कोण जाणे.

दिवा म्हणाल तर पैसे एकाच दिव्याचे असतील तर मागचा लाल घ्या. समोरून येणारा तिला दिसते, ती बाजूला होऊ शकते, मागून येणाऱ्याचं तिला काहीच कळत नाही. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा घ्या, सेलवाला घेतला की सेल संपल्यावर आठ-आठ दिवस तसाच राहते. घरी लाइनचा भरोसा नाही, म्हणून दप्तर ठेवलं की दिवा चार्जिंगला, अशी सवयच लावा. पुढचा पांढरा घ्याल तेव्हा तो चाकाच्या पुढं रस्त्यावर पडेल असा खाली वाकवून बसवा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात, अन् त्या रस्त्यावर रोही (नीलगाय), डुक्कर आडवं आलं तर तेही वेळेवर दिसते. रंगाची अदलाबदल मात्र करू नका. पुढं लाल लावलेली पोरं मी पाहिली, समोरच्याला वाटते ही सायकल समोरून येत नाही, आपल्यापुढं चालली.

जॅकेटचं सोडून द्या. पोट्ट्या हसणारच, आपण नसतो का हसलो. दप्तराच्या मागच्या बाजूला चमकती पट्टी शिवून द्या, दप्तर तर ती नेतेच ना.

प्रश्न : आमच्याकडं वडिलांची जुनी सायकल आहे, डायनामोवाली. तो दुरुस्त करावा की काढून फेकावा?
— एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : फेकू नका हो! डायनामो म्हणजे सेल नाही, चार्जिंग नाही, पाय मारले की उजेड. बहुतेक 6 व्होल्ट, 3 वॅटचा असेल, त्यातले 2.4 वॅट पुढच्या बल्बला अन् 0.6 मागच्या. दोन्ही बल्ब बरोबर वॅटचेच टाका. पुढचा उडाला की सगळा जोर मागच्यावर येते अन् तोही फुटते, दुकानात लोक म्हणायचे "दोन्ही एकदमच कसे गेले बुवा", ते असे. घरातला एखादा एलईडी काढून जोडू नका, डायनामोची वीज एसी असते, त्याच्यासाठी बनलेलाच दिवा लागते. ओल्या टायरवर त्याची चकरी घसरते, अन् टायरला घासून पायडल जड होते, हे चालवून घ्यावं लागेल. एक खोट मात्र मोठी, सायकल थांबली की दिवा गेला. रस्ता ओलांडायला मधात उभे राहिलात की तुम्ही परत अंधारात, म्हणून मागची रेडियम पट्टी तुम्हालाही सुटली नाही.

प्रश्न : मोबाईलची टॉर्च लावून शर्टच्या खिशात ठेवली तर चालते का? आमच्याकडं सगळे तसंच करतात.
— एक वाचक, समुद्रपूर तालुका

उत्तर : खिशातली टॉर्च अर्धी कापडात अन् अर्धी आभाळाकडं. मागच्याला काहीच दिसत नाही, अन् खड्ड्यात चाक गेलं की फोन डांबरावर. हातात धरून चालवत असाल तर त्या हातानं ब्रेक कोण दाबणार? डोक्याला बांधायची बॅटरी, जी रात्री मोटर सुरू करायला नेता, ती बरी, फक्त समोरून कोणी आलं की मान जराशी खाली घाला. मागच्या लालसाठी मात्र खर्च करावाच लागेल, दोन-चार खर्ऱ्याचे पैसे बाजूला ठेवा.