कथा परत आली की

प्रश्न : दोन वर्षांत तीन दिवाळी अंकांकडून माझ्या कथा परत आल्या. आता दोन पानं झाली की सगळं टाकाऊ वाटतं आणि वही मिटते. मैत्रिणी 'छान आहे' म्हणतात, तेही खरं वाटत नाही. मला लिहिता येतं की नाही, हे कसं ओळखावं? — एक वाचक, सांगली

उत्तर : 'मला लिहिता येतं का' हा प्रश्न तूर्त सोडा. 'या कथेत वाचक कुठे अडतो' हा विचारा, त्याला उत्तर मिळतं.

दोन पानांवर हात थांबतो, कारण लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत चाललेलं असतं. खर्डा वहीच्या उजव्या पानावर लिहा, डावं कोरं ठेवा. शंका आली की डावीकडे एका ओळीत टिपा, 'इथे काकू एकदम का रडते?', आणि उजवीकडे पुढे चला. खोडायचं नाही. रोज 300 शब्द झाले तरी 3,000 शब्दांची कथा दहा दिवसांत पुरी होते. मग वही तीन आठवडे कपाटात. लगेच वाचलं तर लिहायचं राहून गेलेलंही आपल्याला पानावर दिसतं.

नंतर मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. सगळी पात्रं लेखकाच्याच भाषेत बोलत असतील तर ते इथेच कानाला कळतं.

मैत्रिणी खोटं बोलत नाहीत. 'कशी वाटली?' असं विचारलं की जवळचं माणूस आपल्याला सांभाळून घेतं. तीन जणांना प्रती द्या, त्यांत एक तरी भरपूर वाचणारा पण स्वतः न लिहिणारा हवा. कंटाळा आला तिथे फुली, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, एवढंच करायला सांगा. दोघांच्या खुणा एकाच परिच्छेदावर आल्या तर तो पुन्हा लिहा. दुखतं कुठे ते वाचक नेमकं दाखवतो, औषध मात्र बरेचदा चुकीचं सुचवतो. 'शेवट पटला नाही' असं आलं तर आधी मधले प्रसंग तपासा, त्या शेवटाची तयारीच तिथे राहिलेली असते.

कारण न कळवता आलेल्या नकारावरून कथेबद्दल काहीही ठरवू नका. अंकातली जागा संपलेली असते, त्याच विषयावरची कथा आधीच घेतलेली असते. कारण लिहून आलं असेल तर ते पत्र जपा. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांशी कथेच्या बारकाव्यांवर पत्रव्यवहार करत. असा संपादक सहजी मिळत नाही, म्हणूनच तीन वाचकांचा हा खटाटोप.

प्रश्न : संपादकांनी कथेचा पहिला परिच्छेद काढायला सांगितलाय. तोच माझा सर्वांत आवडता. ऐकलं तर स्वाभिमान सोडल्यासारखं होईल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन दिवस उत्तर पाठवू नका. परिच्छेद कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि उरलेली कथा ती आधी न वाचलेल्या माणसाला द्या. कोण, कुठे, कुणाचं कोण, यांतलं काही त्याला कळलं नाही, तर नेमकं कोणतं वाक्य हवं ते संपादकांना कळवा. काहीच अडलं नाही, तर तो परिच्छेद कथेत शिरायला तुम्हाला लागला होता. वाचक त्याच्याशिवाय शिरला.